विज्ञान प्रदर्शनात सूरही लागू द्या

महोदय,
शालेय विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की तोच ज्वालामुखी आणि तीच पवनचक्की. परीक्षक म्हणून फिरताना मला कंटाळा येतो. मुलांनाही येत असणार. त्याऐवजी ‘आर्डुइनो उनो’ या संगणकासारख्या आज्ञा देता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर छोटी पेटी, म्हणजे हार्मोनियम, करायला सांगावी. आठ बटणे, २२० ओहमचा रोध, लहानसा स्पीकर, बस्स. बोर्डावरची चिप पिनवरचा दाब ० आणि ५ व्होल्ट असा आलटूनपालटून बदलते. सेकंदाला २७७ वेळा हे चक्र झाले की काळी एक या पट्टीचा षड्ज (सा) लागतो. लहर चौकोनी, त्यामुळे आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा. शिवाय ‘टोन’ ही आज्ञा एका वेळी एकच सूर वाजवते.

खरी गंमत गंधारात (ग) आहे. या पट्टीत हार्मोनियमचा गंधार साधारण ३४९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३४९ कंपने, येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३४६. पेटीत हा फरक काढायचा तर आतली कंप पावणारी धातूची पत्ती घासावी लागते. इथे फक्त आज्ञेतला आकडा बदलायचा. दोन बोर्डांवर दोन्ही गंधार एकदम वाजवा, आवाज सेकंदाला तीनदा लहानमोठा होताना ऐकू येतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्या वादात हाही मुद्दा होता. (मी स्वतः भजनात पेटीच वाजवतो, गैरसमज नको.)

नववीला ध्वनीचा धडा आहेच. आयोजकांनी यंदा त्यासाठी वेगळे टेबल ठेवावे, आणि शक्यतो पंख्यापासून लांब.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वाई