‘बर्थडे कँडल्स’च्या लेबलाखाली भलतेच झुडूप दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
रोपविक्री विभाग

विषय: लेबलावरील वाण आणि प्रत्यक्ष पुरवलेली झुडपे वेगळी असल्याबाबत

महोदय,

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरात राहते आणि गेली सहा वर्षे आपल्याच नर्सरीतून रोपे घेत आले आहे. इथल्या काळ्या चिकणमातीत काय तग धरेल, कशाला पाण्याचा निचरा लागेल, हे आपल्याकडे मराठीतून विचारता येते. त्यामुळे ही तक्रारही मी मराठीतच लिहीत आहे. आधी फोनवर दोनदा बोलणे झाले, परंतु मिळालेल्या उत्तरांनी माझे समाधान झाले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी आपल्याकडून तीन देशी ऑस्ट्रेलियन फुलझुडपे घेतली: बँक्सिया ‘बर्थडे कँडल्स’ची ६ रोपे, कॅलिस्टेमॉन (म्हणजे बॉटलब्रश) ‘लिटल जॉन’ची ३ रोपे आणि ग्रेव्हिलिया ‘सुपर्ब’चे १ रोप. बँक्सियाची सहाही रोपे दिवाणखान्याच्या खिडकीखालच्या, सव्वा मीटर रुंदीच्या वाफ्यात लावली. ‘बर्थडे कँडल्स’ हे बँक्सिया स्पिन्युलोसाचे बुटके वाण असून ते साधारण अर्धा मीटर उंच आणि मीटरभर रुंद होते, हे आपल्याच लेबलावर छापलेले होते आणि ते खरेही आहे. खिडकीची चौकट जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे. हे माप घेऊनच मी वाण निवडले होते. आज त्या सहापैकी चार झुडपे दोन मीटरच्या वर गेली आहेत, खिडकी निम्म्याहून अधिक झाकली गेली आहे आणि दुपारी दोन वाजता घरात दिवा लावावा लागतो.

आपल्या कर्मचाऱ्यांनी मला सांगितले की ऑस्ट्रेलियातील देशी झुडपे फुलेपर्यंत ओळखता येत नाहीत, आणि खतपाणी चांगले मिळाले तर कोणतेही झुडूप लेबलापेक्षा मोठे होतेच. या दोन्ही विधानांना माझी हरकत आहे.

मे महिन्यात या झुडपांना पहिली फुले आली तेव्हा मी फूटपट्टी घेऊन मोजली. सर्वांत मोठा तुरा ३४ सेंटीमीटरचा भरला आणि त्याचा रंग काशाच्या भांड्यासारखा तांबूस नारिंगी होता. ‘बर्थडे कँडल्स’चा तुरा १५ सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि त्याच्या सोनेरी अंगावर गडद लाल कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचे बारीक दांडे) उठून दिसतात. माझ्या दारचे झुडूप ‘जायंट कँडल्स’ या वाणाच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. ते बँक्सिया एरिसिफोलिया आणि बँक्सिया स्पिन्युलोसा यांचा संकर असून चार-पाच मीटरपर्यंत वाढते आणि त्याचे तुरे ४० सेंटीमीटरपर्यंत लांब होतात. दोन्ही वाणांच्या नावात ‘कँडल्स’ असल्यामुळे लेबले लावताना गफलत झाली असावी, असा माझा अंदाज आहे. चूक माणसाकडूनच होते, ते मी समजू शकते. पण ती चूक फुलांपर्यंत थांबल्याशिवाय कळलीच नसती, हे म्हणणे मला मान्य नाही. एरिसिफोलियाची पाने जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर लांब, सुईसारखी अरुंद आणि टोकाला खाच असलेली असतात. स्पिन्युलोसाची पाने सर्वसाधारणपणे तीन ते दहा सेंटीमीटर लांब असून टोकाकडे बारीक दाते असतात. दोघांच्या संकरात पानांची ठेवण मधली येते, शिवाय फांद्या सरळ वर झेपावतात आणि दोन पानांमधली पेरे लांब पडतात, तर बुटक्या वाणाचा घुमट लहानपणापासूनच दाट असतो. वाफ्यातल्या सहापैकी दोन झुडपे खरोखरच ‘बर्थडे कँडल्स’ निघाली आहेत, गुडघ्याएवढी आणि गच्च. ती शेजारीच उभी असल्याने हा फरक मी रोज पाहते. रोपे विकणाऱ्याने पिशव्या मांडताना एकदा नजर फिरवली असती, तरी चार रोपे वेगळी आहेत हे ध्यानात आले असते.

खताबद्दल सांगायचे तर मी या वाफ्यात काहीही घातलेले नाही. बँक्सियाच्या मुळांना बारीक केसांसारख्या मुळ्यांचे झुबके येतात आणि नापीक जमिनीतला तुटपुंजा स्फुरदही (फॉस्फरस) ती ओढून घेतात. त्यामुळे स्फुरदयुक्त खत जास्त झाले तर हे झुडूप पोसत नाही, उलट करपते. जास्त खताने अर्धा मीटरचे बँक्सिया दोन मीटरचे होईल, हे आपल्या नर्सरीतून सांगितले जावे याचे मला वाईट वाटले.

“मग कापून लहान ठेवा,” असाही सल्ला मला मिळाला. स्पिन्युलोसाला बहुधा जमिनीलगत लाकडाची फुगीर गाठ असते आणि वणव्यानंतर किंवा खोल छाटणीनंतर ती तिथून पुन्हा फुटते. एरिसिफोलियाला अशी गाठ नसते, वणव्यात झाड मरते आणि पुढची पिढी बियांवाटेच येते. त्या रक्ताच्या संकराला जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापून अर्ध्या मीटरवर आणले, तर ते फुटेल याची हमी आपण देणार आहात का? शिवाय बँक्सियाला मुळे दुखावलेली सोसत नाहीत, त्यामुळे चार झुडपे उपटून दुसरीकडे लावणेही शक्य नाही. ती तोडावीच लागतील. सकाळी त्यांच्या तुऱ्यांवर मध खायला वॅटलबर्ड पक्षी येतात, त्यांचा खरखरीत आवाज आता घरात ओळखीचा झाला आहे. निरोगी, फुललेली झुडपे तोडण्याची वेळ आपण माझ्यावर आणली आहे.

‘लिटल जॉन’बाबतही एका रोपाची तक्रार आहे. तीनपैकी दोन झुडपे बरोबर आहेत: निळसर करडी दाट पाने, गडद लाल पुंकेसर आणि त्यांच्या टोकांना सोनेरी परागकोश. तिसऱ्याची पाने साधी हिरवी, फांद्या खाली झुकणाऱ्या, आणि उंची आताच दीड मीटर. पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकाजवळ जो बॉटलब्रश झुलताना दिसतो, त्याच्याच चालीचे हे झुडूप आहे. याविषयी विचारल्यावर आपल्याकडून असे उत्तर आले की कॅलिस्टेमॉनची सगळी नावेच आता बदलली असून शास्त्रज्ञ त्यांना मेलालुका म्हणतात, म्हणून लेबलांचा गोंधळ होतो. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलिस्टेमॉन मेलालुकात विलीन केला आहे, हे खरे आहे. या दोहोंतला जुना भेद पुंकेसरांवर बेतलेला होता: मेलालुकाचे पुंकेसर पाच जुडग्यांत बांधलेले, कॅलिस्टेमॉनचे सुटे. आणि बॉटलब्रशमध्येच विमिनालिस ही जात अशी आहे, की तिचे पुंकेसर तळाशी किंचित जुळून कडे बनवतात. हाताशी भिंग असेल तर कुणालाही हे पाहता येते, आणि भेदाची रेषा का डळमळली तेही तिथेच समजते. परंतु प्रजातीचे नाव बदलले म्हणून वाणाचे नाव बदलत नाही. आधी कॅलिस्टेमॉन म्हणा की मेलालुका म्हणा, ‘लिटल जॉन’ हा ‘लिटल जॉन’च राहतो.

ग्रेव्हिलियाबाबत मी आपल्याला तितका दोष देणार नाही. ‘सुपर्ब’च्या जागी फुललेले झुडूप ‘रॉबिन गॉर्डन’ निघाले. ही दोन्ही ग्रेव्हिलिया बँक्सी आणि ग्रेव्हिलिया बायपिनाटिफिडा यांचीच लेकरे, पाने दोघांची नेच्यासारखी चिरलेली, आणि फुलाचा रंग, एकाचा लाल तर दुसऱ्याचा जर्दाळूसारखा, दिसेपर्यंत जाणकारालाही खात्री देता येत नाही. क्वीन्सलँडमधील ग्लेनमॉर्गनजवळच्या मायल पार्क येथे डेव्हिड गॉर्डन यांच्याकडे ‘रॉबिन गॉर्डन’ हा संकर उपजला आणि तरुणपणीच वारलेल्या आपल्या मुलीचे नाव त्यांनी त्याला दिले. जगभरातली खरी ‘रॉबिन गॉर्डन’ झुडपे त्या एकाच झाडाच्या छाटकलमांतून वाढलेली आहेत, बियांपासून आलेल्या रोपाला ते नाव लावता येत नाही. मला ते झुडूप आवडते आणि मी ते ठेवणार आहे. माझी तक्रार निराळी आहे. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने त्याची छाटणी केली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठले. या गटातील ग्रेव्हिलियांमुळे काहींच्या त्वचेला असा त्रास होतो, ही इथल्या माळ्यांच्या माहितीतली गोष्ट आहे. ‘सुपर्ब’ही त्याच आईबापांचे असल्याने ही सूचना त्याच्या लेबलावरही हवी होती. हातमोजे घाला, एवढी एक ओळ पुरली असती.

ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. आपण लेबलावर वाणाचे नाव आणि उंची छापता, तेव्हा तेच ते वर्णन होय. म्हणून माझी मागणी अशी आहे की चार बँक्सिया आणि एक बॉटलब्रश काढून टाकण्याचा खर्च आपण द्यावा, त्यांच्या बदल्यात ज्यांचे मूळ झाड आपण स्वतः तपासले आहे अशी छाटकलमाची ‘बर्थडे कँडल्स’ आणि ‘लिटल जॉन’ची रोपे विनामूल्य पुरवावीत, आणि ती येत्या सप्टेंबरपूर्वी द्यावीत, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळे धरतील. त्या एप्रिलमध्ये याच खेपेतील ‘बर्थडे कँडल्स’ आणखी ज्यांनी नेली असतील, त्यांनाही आपण कळवावे, कारण त्यांच्याही खिडक्यांखाली हीच झुडपे वाढत असतील आणि त्यांनी ती जितक्या लवकर काढली तितके बरे. ग्रेव्हिलियाच्या लेबलांवर त्वचेविषयीची सूचना छापावी, हीही विनंती.

या पत्राचे लेखी उत्तर २१ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास मला राज्याच्या ग्राहक विभागाकडे दाद मागावी लागेल. आपण झुडपे पाहण्यासाठी कुणाला पाठवणार असाल, तर शनिवारी सकाळी मी घरी असते, आणि बँक्सियाला अजून तीन तुरे आहेत.

आपली,
एक जुनी ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, मूळ लेबले, पाने व तुरे फूटपट्टीसह घेतलेली ९ छायाचित्रे