तळे हिरवे होते, नोंदवही मात्र भरलेली

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशवारीचे लेख अधूनमधून येतात आणि मी ते आवडीने वाचतो. मात्र त्यांतली तळी झाडून सगळी काचेसारखी निर्मळ असतात, याचे आताशा हसू येते. मुलीकडे अमेरिकेत मॅडिसन या गावी साडेपाच महिने राहून आलो. नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी दिसले की आधी गेजपट्टी, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, शोधायची आणि मग देखावा बघायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून हे पत्र.

मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,69,840, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या निम्म्याच्या आसपास. मेंडोटा आणि मोनोना या दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गावाचा जुना भाग बसला आहे. संयोगभूमी हा शब्द शाळेत पनामासाठी पाठ केला होता, इथे त्याच्यावरून रोज भाजी आणायला जात होतो. याहारा नदी ही तळी माळेसारखी ओवत जाते. मूळचे रहिवासी हो-चंक लोक या मुलखाला ‘डेजोप’ म्हणजे चार तळी म्हणतात. मेंडोटाच्या तळातून 2021 साली बाराशे वर्षांपूर्वीची एकाच लाकडात कोरलेली होडी वर काढली आणि पुढच्याच वर्षी तीन हजार वर्षांपूर्वीची दुसरी. दोनशे वर्षांचेही नसलेले गाव त्या होडीपुढे फारच कोवळे वाटते.

गावाच्या जन्माची हकिकत आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. 1836 साली राजधानी कुठे करायची हे ठरत होते, तेव्हा इथे गाव नव्हतेच. जेम्स डोटी नावाच्या माजी न्यायाधीशाने जमीन घेऊन ठेवली होती. त्याने कागदावर नगर आखले, नुकत्याच वारलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे नाव त्याला दिले आणि रस्त्यांना राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांची नावे. आमदार थंडीने कुडकुडत होते, त्यांना रानरेड्याच्या कातड्याची पांघरुणे पुरवली आणि मोक्याचे प्लॉटही. ठराव पास! प्लॉटवाटप हा आपलाच शोध आहे असा माझा समज होता.

त्या नकाशाच्या मध्यावर आज पांढऱ्या ग्रॅनाइटच्या घुमटाचे विधानभवन उभे आहे, 1917 साली पुरे झालेले. त्याच्यापासून मैलभर परिघात घुमटाखालच्या खांबांच्या तळापेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा कायदा आहे, त्यामुळे दोन्ही तळ्यांवरून घुमट दिसतो. उन्हाळ्यात दर शनिवारी या चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो, 1972 पासून. जो पिकवतो त्यानेच विकायचे, दलालाला जागा नाही. गर्दी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे आपल्या हिशेबाने अप्रदक्षिणा. पहिल्या शनिवारी मी सरळ निघालो आणि दोन बाबागाड्यांना धडकलो. तिथे ताज्या चीजचे गोळे मिळतात, चावताना ते दाताखाली चक्क कुईकुई वाजतात.

चीज आले म्हणजे दूध आले आणि तिथूनच तळ्याचे दुखणे सुरू होते. विस्कॉन्सिनच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘अमेरिकेची दुग्धभूमी’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे डेअरीत ‘फॅट किती लागली’ हा रोजचा प्रश्न. ती मोजण्याची सोपी रीत मॅडिसनच्याच विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 साली काढली आणि तिचे पेटंटही घेतले नाही. (याच विद्यापीठात हरगोविंद खुराना 1960 ते 1970 होते आणि 1968 चे नोबेल त्यांना तिथे असतानाच मिळाले.) पण गायी म्हटल्या की शेणही आले. मेंडोटाच्या वरच्या अंगाला गोठे आणि मक्याची शेते आहेत. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर शेणखत पसरले की ते मुरत नाही. बर्फ वितळताना त्यातले फॉस्फरस ओढ्यांतून थेट तळ्यात उतरते आणि शेवाळीला ते खतच. जुलै उजाडला की पाण्यावर हिरवा, पोपटी रंग सांडावा तशी निळी-हिरवी शेवाळ येते. वारा काठाकडे असला तर नाक धरावे लागते. मुलीच्या घराजवळच्या पोहण्याच्या काठावर फलक लागला, ‘आज बंद’. नात टॉवेल घेऊन तशीच परत.

हे दुखणे जुनेच. एके काळी गावाचे सांडपाणीच तळ्यांत जाई. मोनोनातली शेवाळ मारायला वर्षानुवर्षे मोरचूद टाकला गेला. शेवटी 1958 साली शुद्ध केलेले सांडपाणी मोनोनाच्या खालच्या तळ्यांनाही वळसा घालून दक्षिणेच्या ओढ्यात सोडले आणि 1971 पर्यंत मेंडोटाही सुटला. तळी वाचली, ओढ्याच्या वाट्याला काय आले ते ओढ्याला विचारावे. शेणावर उपाय म्हणून शेजारच्या वॉनाकी गावाजवळ अनेक गोठ्यांचा मिळून एक मोठा गोबरगॅस प्रकल्प उभारला, तर त्याच्यातूनच शेणाचा रबडा सांडून ओढ्यात गेल्याची प्रकरणे झाली. त्यात 2009 साली परमुलखातला एक काटेरी शेपटीचा बारीक जलजीव तळ्यात सापडला. शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवणाऱ्या बारीक जलपिसवा हा फस्त करतो. तेव्हा अमेरिकेतले तळे म्हणजे निर्मळच, हे कृपया कोणी छापू नये.

मग मला तिथे आवडले काय? वही. मेंडोटा कोणत्या दिवशी गोठला आणि कोणत्या दिवशी मोकळा झाला, याची नोंद 1850 च्या दशकापासून सलग आहे. तळे गोठले की नाही हे ठरवायची कसोटीही मजेशीर आहे: पिकनिक पॉइंट नावाच्या टोकापासून पलीकडच्या काठापर्यंत होडी वल्हवत नेता येते का, एवढेच बघायचे. 1880-81 च्या हिवाळ्यात बर्फ 161 दिवस टिकला, 2001-02 मध्ये अवघे 21. हवामान बदलते आहे हे सांगायला तिथे भाषणाची गरज पडत नाही. विद्यापीठाची तळी अभ्यासणारी शाळा अगदी पाण्याला लागून आहे, आणि बर्ज व जुडे या दोन प्राध्यापकांनी शंभर वर्षांपूर्वी घातलेली मोजमापाची शिस्त अजून चालू आहे. पोहण्याच्या काठांचे पाणी तपासतात आणि निकाल कोणालाही पाहता येतो. बंद असेल तर बंद म्हणून लिहितात.

टेनी पार्कपाशी दोन तळ्यांमधला बंधारा आणि होड्या चढवण्या-उतरवण्याची कोठी आहे. मेंडोटा मोनोनापेक्षा साधारण पाच फूट वर आहे. मी तिथे तासन् तास बसायचो. बायको म्हणाली, इतके पैसे खर्चून शेवटी गेटच बघायला आलात! ऑगस्ट 2018 मध्ये तिथे अतिवृष्टी झाली तेव्हा हे पाणी किती सोडायचे यावरून मोठा पेच झाला होता. वर अडवावे तर मेंडोटाचा काठ बुडतो, सोडावे तर गावाची पट्टी. वाळूच्या गोण्या रचाव्या लागल्या. पंचगंगेकाठच्या माणसाला यापुढचे काही समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. विस्कॉन्सिनच्या 1848 च्या राज्यघटनेत होडी चालू शकेल असे पाणी कायम सर्वांना खुले राहील असे कलम आहे. काठाची बरीच जमीन श्रीमंतांच्या बंगल्यांनी व्यापली आहे हे खरे, ते मला खटकलेही. पण पाणी बंगलेवाल्याचे होत नाही, आणि कित्येक रस्ते पाण्यापाशी संपतात तिथे एक बाक टाकून ठेवलेले असते. अशा बाकावर संध्याकाळी कुणीही बसावे. आम्ही तिथे डब्यातले थालीपीठ खाल्ले.

परत आल्यावर आपल्या रंकाळा तलावावर फिरायला गेलो. त्यालाही शेवाळीने आणि सांडपाण्याने पुष्कळ छळले आहे, पण आज पाणी कसे आहे हे विचारले तर टॉवरपाशी बसणारे चार जण चार उत्तरे देतात. आपल्या दैनिकात रोज तापमानाची आणि सोन्याच्या भावाची चौकट असते. तिच्याखाली दोन ओळी रंकाळ्याच्या द्याव्यात: आजची पातळी आणि शेवटच्या तपासणीची तारीख व निकाल. तपासणी झाली नसेल तर तेवढेच छापावे. पातळी रोज सकाळी वाचून कळवायचे काम मी विनामोबदला करीन, फक्त पट्टी नीट रंगवून द्यावी.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कोल्हापूर