बाबांच्या सहाव्या गोळीसाठी

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं असं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा आईने ‘जेवलंस काय गो?’ विचारलं, तिथेच थांबले. म्हणून पत्र. या चवथीला मी घरी नसेन. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचं तिकीट काढलं आहे, चवथीच्या आठ दिवस आधीचं. मलेरियाच्या अभ्यासाचं काम, दोन वर्षांचं आहे.

आई, पत्र लगेच खाली ठेवू नकोस. चवथ करून जा, असं तू म्हणशील हे मला माहीत आहे. मीही तेच विचारून पाहिलं. पण तिथला पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, आणि मलेरिया सर्वांत जास्त सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. तो हंगाम हुकला की पुढच्या पावसापर्यंत थांबावं लागतं. आठ वर्षं मी पुण्यात नळ्यांमधलं रक्त तपासते आहे. ज्या मुलांचं ते रक्त, त्यांतलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. गणपतीवरच्या माटवीला कवंडळं आणि तेरडा बांधताना माझी आठवण काढाल, रडू मात्र नका. दादा कोकणकन्येने कणकवलीला उतरेल, वहिनी आणि मुलंही येतील. घर भरलेलं असेल.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. गेल्या आठवड्यात परत ताप आला, हे तुम्ही लपवलंत. मला आईकडून कळलं. वैशाखात तेच झालं होतं. ताप उतरला, तुम्ही पाचव्या दिवशी चौदा दिवसांच्या गोळ्या बंद केल्यात आणि वर म्हणालात, ‘माझ्या रगतात मलेरिया मुरललो आसा, माका काय होवचा नाय.’ मधल्या काळात कुठल्याशा लॅबने अँटिबॉडीची चाचणी करून दिली, तो ‘पॉझिटिव्ह’ कागद तुम्ही कपाटात जपून ठेवलात. बाबा, त्या कागदाचा अर्थ एवढाच, की मलेरिया तुमच्या अंगात कधीतरी येऊन गेला आहे. आज अंगात आहे की नाही आणि पुन्हा होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून तर मी यात पडले. गांबियातच मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, काढून मलेरियाने आजारी मुलांना टोचली होती. १९६१ साली ते छापून आलं. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी कमी झाले. लहानपणापासून पुन्हा पुन्हा ताप काढलेल्या माणसाच्या रक्तात खरोखरच असं काही असतं. परजीवी एका लाल पेशीतून फुटून दुसरीत शिरायला निघतो, तेवढ्या क्षणात प्रतिपिंडं त्याला चिकटतात, वाट अडवतात, आणि गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींना खूण पटवतात.

पण त्याला किती वर्षं लागतात! आणि तरी ते अर्धंच संरक्षण. तिथला मुख्य परजीवी फाल्सिपेरम, तो दशावतारातल्या नटासारखा वेश बदलतो. त्याच्याकडे जवळजवळ साठ जनुकं नुसती लाल पेशीवरच्या वेशासाठी आहेत. काल रात्रीचा राक्षस ओळखायला प्रतिपिंडं शिकतात, तोवर हा दुसऱ्या रूपात उभा. तिथून दूर जाऊन राहिलेल्या माणसाची ही ताकद हळूहळू ओसरतेसुद्धा. आपल्याकडे मलेरिया तेवढा सतत नाही, तेव्हा मुरायला तरी कुठून मुरणार?

तुमचा आजार तर व्हायवॅक्सचा, म्हणजे मलेरियाच्याच दुसऱ्या परजीवीचा. त्याचे काही परजीवी यकृताच्या पेशींत झोपून राहतात, आठवडे, महिने. प्रतिपिंडं रक्तात फिरतात. यकृताच्या पेशीत झोपलेला त्यांना सापडत नाही. त्याला काढणारी गोळी ती प्रायमाक्विनची, जी तुम्ही सोडलीत. पुण्यात तयार होणारी आर-२१ लस २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली, ती आम्हाला का नाही, असं विचाराल. ती फाल्सिपेरमवर आहे आणि तिथल्या लहान मुलांसाठी आहे. यकृतात शिरण्याआधीच परजीवीला गाठणारी प्रतिपिंडं तिच्यामुळे तयार होतात.

आई, तुला एक सांगायचं राहिलंच. शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. तिथली बाळं पहिले काही महिने मोठ्या तापापासून बऱ्यापैकी वाचतात, त्यात आईच्या या देण्याचा वाटा आहे असं मानतात. मग ती विरतात. तुझी माझ्या अंगातली केव्हाच विरली असणार. हे शिकले त्या दिवशी मला सहाव्या वर्षीचा ताप आठवला. तीन वाकळींखाली मी कुडकुडत होते. बाबा मला इरल्याखाली खांद्यावर घेऊन मेरेवरून दवाखान्यात गेले, आणि रात्री तू पेज भरवताना चमचा फुंकत होतीस. मी तिथे प्रतिबंधक गोळ्या चुकवणार नाही, मच्छरदाणीतच झोपणार. तुझी शपथ.

आता तुम्ही दोघांनी ऐकायचं. नवी मच्छरदाणी पाठवली आहे, दोन पलंग जोडून लावता येते. बाबांनी खळ्यात झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसत नाही, दादाकडून ते बदलून घ्या. विहिरीत गप्पी मासे सोडायला आरोग्य केंद्रात सांगा. ताप आला की त्याच दिवशी बोटातून रक्त तपासायचं, काढा पिऊन दोन दिवस वाट बघायची नाही. जी-६-पी-डीची, म्हणजे ही गोळी तुमच्या रक्ताला सोसेल का याची, तपासणी झाली आहे ना, ते डॉक्टरांना विचारून मला कळवा. गोळी पोटभर जेवल्यावरच घ्यायची. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद दिसली तर गोळी थांबवून तडक डॉक्टरांकडे जायचं.

बाबा, मी रागावले नाही. लांबून नुसता धीर सुटतो. रोज रात्री गोळी घेतली की मला फक्त आकडा पाठवा, बाकी काही लिहू नका. या खेपेच्या आज पाच झाल्या, असं आई म्हणाली. उद्या सहा.

तुमची,
बाय