चि. ताईस पत्र

सावदा, ता. रावेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला होता. ज्या कन्सोलसाठी, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रासाठी, तुम्ही दोन वर्षं गेम करताय, तो बाजारात येऊन चार महिने झाले तरी उठाव नाही, आणि ऑफिसात तुमचा गेमच बंद करायची बोलणी चालली आहेत, एवढं सांगून तू फोन ठेवलास. मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

२०११ आठवतं का माय? तू आठवीत होतीस. जूनच्या शेवटी मामाने अमेरिकेहून निन्टेन्डो कंपनीचा थ्रीडीएस आणला, हातात धरून खेळायचा कन्सोल. चष्म्याशिवाय थ्रीडी दिसतं म्हणून सगळी गल्ली आपल्या ओट्यावर जमली होती. मामाने २५० डॉलर मोजले होते. ऑगस्टात तोच १७० ला मिळायला लागला. मामाला फसवलं म्हणून तू रात्री जेवली नाहीस.

यंत्रातच खोट असेल, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण यंत्र चांगलंच होतं. तो अमेरिकेत मार्चमध्ये आला, आणि निन्टेन्डोचा स्वतःचा मारिओचा नवा गेम आला नोव्हेंबरात, मारिओ कार्ट डिसेंबरात. गेम उतरवून घ्यायचं ऑनलाइन दुकानसुद्धा जूनमध्ये उघडलं. मग एवढे पैसे टाकून माणसाने खेळायचं काय? एप्रिल ते जून सगळ्या जगात मिळून जेमतेम ७ लाख १० हजार खपले. गिऱ्हाईक नाही म्हणून गेमवाले हात आखडतात, गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक थांबतं. नवा आठवडे बाजार भरवला की पहिले काही महिने आपल्याकडेही असंच होतं.

निन्टेन्डोने किंमत पाडली. त्यांचे प्रमुख सतोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आणि आधी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांना २० जुने गेम फुकट दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पहिल्या दिवशी भरवसा टाकणाऱ्याला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. मामाने तिकडूनच तो ऑनलाइन जोडून आणला होता, म्हणून ते गेम तुलाही मिळाले. भुसावळला मावशीकडे वायफाय होतं, तिथे बसून उतरवले होतेस. तेच खेळता खेळता तू वहीच्या मागच्या पानांवर चौकोन आखून स्वतःच्या लेव्हल काढायला लागलीस. त्या वह्या आईने अजून टाकलेल्या नाहीत. तो कन्सोल पुढे साडेसात कोटींच्या वर गेला.

सोनीच्या व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलचं तसं झालं नाही. पडदा सुरेख, ताकद भरपूर, पण मेमरी कार्ड त्यांचंच लागायचं आणि तेही महाग. पुढे सोनीनेच आपले मोठे गेम त्यावर आणणं सोडलं.

म्हणून तू एकच बघ. तुमचा कन्सोल काढणारी कंपनी स्वतःचे गेम अजून करतेय का? करत असेल तर साहेबांना स्पष्ट सांग की थांबा. लागवडीनंतर सात-आठ महिने आपण नुसतं पाणी नि खत घालतो, केळी निसवायच्या आधी कोणी बाग मोडत नाही. आणि कंपनीनेच अंग काढलं असेल, तर तो गेम दुसऱ्या कन्सोलवर न्यायची तयारी आत्ताच करा. दोन वर्षांचं काम मातीत जाऊ देऊ नका.

आखाजीला ये. आई खापरावरचे मांडे करणार आहे. गेम अर्धवट असला तरी घेऊन ये, मला खेळून बघायचाय.

तुझे अप्पा