त्रिकोण ओढून पाहा

महोदय,
बी.एड.च्या सराव पाठांत जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर येते, पण अनेकदा नुसता रंगीत फळा म्हणून. समद्विभुज त्रिकोणच घ्या. छात्राध्यापक तीन बिंदू ठेवून दोन बाजू सारख्या दिसेपर्यंत सरकवतो. मुलाने एक शिरोबिंदू ओढला की समद्विभुजपणा गेला! त्याऐवजी अ केंद्र धरून वर्तुळ काढावे, परिघावर ब आणि क घेऊन तिन्ही बिंदू जोडावेत. आता काहीही ओढा, अब आणि अक एकाच वर्तुळाच्या त्रिज्या राहतात.

दुसरी गफलत कोनांच्या बेरजेत. दोन दशांश स्थळांपर्यंत प्रत्येक कोन स्वतंत्रपणे पूर्णांकित होतो, म्हणून दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज कधी १७९.९९, कधी १८०.०१ भरते. मुले विचारणारच. मोजणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे, हे सांगायची ती नेमकी वेळ. त्याची तयारी पाठ टाचणातच हवी.

पावसाळ्यात आपल्या कोकणात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. ॲप मे महिन्यातच मोबाइलवर घेऊन ठेवावे, ते नेटशिवाय चालते. आणि हीच रचना दोरी-खडूने फळ्यावर करून दाखवण्यालाही सराव पाठात गुण असावेत.

– एक गणित अध्यापक, रत्नागिरी