स्वयंमूल्यमापनाचा रकाना आणि आपली भीड

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च संपला की कार्यालयांत कार्यमूल्यमापन अहवालाचे फॉर्म फिरू लागतात आणि त्यातील स्वयंमूल्यमापनाचा भाग भरताना भल्याभल्यांची लेखणी अडते. आस्थापना शाखेत मी हे वर्षानुवर्षे पाहिले. धूळ खात पडलेल्या नस्त्या (फायली) एकहाती निकाली काढणाऱ्या एका सहकारी बाईंनी त्या रकान्यात ‘नेमून दिलेली कामे केली’ एवढेच लिहिले. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी मात्र पुरवणी जोडली. (काम कोणते केले, हे ती वाचूनही कळले नाही.)

मानसशास्त्रज्ञ रूवेन बार-ऑन यांच्या १९९७ च्या भावनिक बुद्धिमत्ता चाचणीत आत्मादर हा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात आपल्या गुणांबरोबर उणिवाही ओळखून स्वतःला स्वीकारणे अभिप्रेत आहे. आपल्याकडे आत्मस्तुती हा दोष मानण्याचे वळण लहानपणीच लागत असल्याने कामाची नोंद आणि बढाई यांतील फरकच पुसला जातो. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या अहवालातील प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. पण शेरा हाती पडल्यावर ‘साधारण’ या एका शब्दाने खचणारे आणि तो न वाचताच वरिष्ठांना दूषणे देणारे, दोघेही मी पाहिले आहेत. प्रशिक्षणात टिपणी लिहायला शिकवतात, तसे हा रकाना भरायलाही शिकवावे.

त्या बाईंनी पुढच्या वर्षी, माझ्या आग्रहावरून, निकाली नस्त्यांचा आकडा लिहिला आणि त्याखाली, आग्रहाशिवाय, एका नस्तीतील स्वतःची चूकही.

आपला,
एक निवृत्त अधीक्षक, सातारा