भोंग्याच्या दिवशी दिलेली परीक्षा

मानहाइम, जर्मनी,
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी खुशाल आहे. परवा फोनवर माझा आवाज बसल्यासारखा वाटला म्हणून आईने दोनदा विचारले. तो हवा बदलल्यामुळे बसला होता, रडण्याचा काही संबंध नव्हता. परीक्षेबद्दल मात्र मी ‘झाली’ एवढेच सांगितले होते, ते पुरते सांगते. जीमॅटचे, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या या प्रवेशपरीक्षेचे, गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर देतात. मला ५९५ मिळाले. सरावाच्या परीक्षांत मी ६४५च्या खाली कधी उतरले नव्हते.

झाले असे, की इथे दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी ठीक अकरा वाजता देशभर इशाऱ्याचे भोंगे वाजवून पाहतात. संकट काहीच नसते. लोकांना आवाज ओळखता यावा आणि यंत्रणा कुठे नादुरुस्त आहे ते कळावे, एवढाच हेतू. २०२० साली पहिल्यांदा केले तेव्हा मोबाइलवरचा इशारा सुमारे अर्धा तास उशिरा पोहोचला आणि सरकारनेच प्रयोग फसल्याचे कबूल केले. पुढच्या वर्षी आर नदीच्या खोऱ्यात पुराने शंभरावर माणसे गेली, तेव्हापासून हे प्रकरण फार गांभीर्याने घेतात. आता जवळजवळ प्रत्येक मोबाइल, मुका करून ठेवला असला तरी, किंचाळतो. पाऊण तासाने, पावणेबाराला, संकट टळल्याचा दुसरा भोंगा होतो. कारखान्याच्या भोंग्यावर आजी भात लावायची, ते मला समजते. जे संकट आलेच नाही ते टळल्याचे वेळेवर जाहीर करायचे, हे मला तीन वर्षांत समजलेले नाही. शेजारच्या आजीबाई तर संध्याकाळी जिन्यात समाधानाने म्हणाल्या, की यंदा अगदी वेळेवर वाजला.

मी घरूनच परीक्षा देत होते आणि साडेदहाला पहिला, गणिताचा भाग सुरू झाला होता. पाऊण तासाच्या त्या भागाची पंधरा मिनिटे उरली असताना बाहेर भोंगा आणि स्वयंपाकघरात माझा मोबाइल असे दोन्ही एकदम सुरू झाले. कॅमेऱ्यापलीकडच्या निरीक्षकांनी खोली फिरवून दाखवायला सांगितली. घड्याळ चालूच होते, आणि एकवीस प्रश्नांपैकी शेवटचे तीन कोरे राहिले. या परीक्षेत कोरा प्रश्न चुकलेल्या प्रश्नापेक्षाही महाग पडतो. दुसऱ्या भागाचीही पंधराच मिनिटे उरली असताना टळल्याचा भोंगा झाला.

आई, पितृपक्षात तारीख कशाला घेतलीस, असे तू म्हणशीलच. रजा त्याच गुरुवारची मिळाली होती, आणि ज्या दिवशी देशभर भोंगे वाजणार हे कितीतरी आधी जाहीर झालेले असते, त्याला पितरांनी काय करावे? बाबा, तुम्ही तक्रार करायला सांगाल. पण तक्रार केली म्हणून कोरे प्रश्न सोडवलेले ठरत नाहीत, आणि मोबाइल मुका करण्याऐवजी बंद करायला मला कोणी अडवले नव्हते.

खरा घोळ वेगळाच आहे. तिसऱ्या भागात कसलाही भोंगा नव्हता, तरी तिथेही मी कच्चीच पडले. तेव्हा गेलेल्या पन्नास गुणांपैकी किती भोंग्याच्या नावावर मांडायचे आणि किती माझ्या, हे ठरवता येईना. सोळा दिवसांनी पुन्हा बसता येते आणि हे ५९५ मी पाठवल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाला दिसत नाहीत, म्हणजे अब्रू जाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न पुन्हा भरायच्या पंचवीस हजारांच्या वर शुल्काचा होता. मागच्या रविवारी रेडिओ मोठ्याने लावून पूर्ण सराव परीक्षा सोडवली. ६३५ आले. रेडिओवर खापर फोडायचा मोह झाला, पण त्याच रात्री मी नाव नोंदवले.

तारीख शनिवार, १८ ऑक्टोबर. या वेळी फ्रँकफर्टच्या केंद्रावर. धनत्रयोदशी आहे, म्हणजे आईची हरकत नसावी. मात्र त्यामुळे दिवाळीला येणे होणार नाही. तिकीट रद्द केले आहे, निम्मे पैसे परत मिळतील, आणि बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडण्याचे मनातही आणू नका. घराचा हप्ता मी नेहमीच्या तारखेलाच पाठवीन. तुळशीचे लग्न झाल्यावर राजूचा साखरपुडा ठरला तर मी कसेही करून येईन, तेवढी रजा वेगळी राखून ठेवली आहे. कराडच्या स्थळाला अजून होकार कळवू नका, नकारही कळवू नका. मुलाला बोलायचेच असेल तर त्याने अठरा तारखेनंतर फोन करावा, आणि तो फोन वाया जाणार नाही, एवढे त्यांना सांगायला हरकत नाही. फराळ पाठवू नका, पाठवणावळ फराळाहून महाग पडते. आई, अगदीच राहवले नाही तर थोडे बेसनाचे लाडू पाठव, चकल्या वाटेत मोडतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
मनू

ता. क. – बाबा, आयर्विन पुलाला कृष्णेचे पाणी किती फूट आहे, ते फोनवर सांगा. मागच्या वेळी तुम्ही विषय बदललात.